त्यांनी ५० टक्के लावलं, मग आपण पण का लावू नये?

२०२५ च्या ऑक्टोबरात बेळगावात उद्यमबागला, म्हणजे कारखान्यांच्या भागात, चहाच्या गाड्यावर एका पोरानं मला गाठलं. अनगोळचा पोरगा, मच्छेला घरचीच लोखंड ओतायची लहान फाउंड्री आहे, बाप अजून भट्टीवर उभा राहतो आणि हा हिशोब आणि मेल बघतो. म्हणाला, "काका, अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं आणि आपण काय गप बघत बसूलालोय? चीननं कसं उलटं लावून त्यांना टेबलावर आणलं! आपण पण टाकायचं की ५० टक्के, भ्यायचं कशाला?" आता बाय-टू चहा संपेपर्यंत ह्यावर काय सांगणार, हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काय डोक्यातनं गेला नाही, आणि खरं सांगायचं तर हाच प्रश्न मला त्या दोन महिन्यांत दहा जणांनी विचारला, म्हणून त्या पोरालाच उद्देशून एकदा बसून लिहितो.

मी ह्या धंद्यात पंचवीसेक वर्षं आहे. आधी एका फाउंड्रीत डिस्पॅचला होतो, मग एक्स्पोर्टची कागदं करायला लागलो, आता चार-पाच युनिटांचं कॉस्टिंग, एचएस कोड (कस्टम्सला मालाचा जो नंबर लागतो तो), बायरबरोबरची बोलणी असलं बघतो. म्हणजे मी दिल्लीत बसून टॅरिफ ठरवणारा नव्हे, ठरलेलं टॅरिफ ज्याच्या बिलावर येऊन आदळतं त्या बाजूचा माणूस आहे, तेवढं धरून वाच.

पहिलं म्हणजे टॅरिफ, म्हणजे आयातीवरचा कर, भरतो कोण? आयात करणारा भरतो, स्वतःच्याच देशाच्या कस्टम्सला. आपल्या कास्टिंगवरचं, म्हणजे ओतीव मालावरचं, अमेरिकेचं टॅरिफ तिथला बायर भरतो, तू नाही. तुला मार बसतो तो मागच्या दारानं, कारण तो लगेच मेल टाकतो की रेट कमी कर नाहीतर शेड्यूल, म्हणजे महिन्याची ऑर्डर, कमी करतो. आता हेच उलटं करून बघ. आपण त्यांच्या मालावर ५० टक्के लावलं तर ते पैसे आपला इंपोर्टर भरणार, आणि तो काय खिशातनं घालणार नाही, तो आपल्याकडनंच काढणार. आणि अमेरिकेतनं आपण आणतो तरी काय? कच्चं तेल, गॅस, कोकिंग कोळसा, विमानाची इंजिनं, दवाखान्यातली मशिनं, बदाम, आणि बघ, भंगार पण. तुझ्या भट्टीत थेट अमेरिकेचं स्क्रॅप पडत नसेल, पण बाहेरनं येणारं महागलं की आपला लोकल डीलर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रेट वाढवून फोन करतो हे तुला मी सांगायला नको.

मग आकडे बघ. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला साधारण ८६ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडनं ४५ अब्जाचा घेतला. मालाला माल, टक्क्याला टक्का असं खेळायला गेलास तर त्यांच्या हातात आपल्या जवळपास दुप्पट दगड आहेत. चीनला पण २०१८ मध्ये हेच नडलं होतं. अमेरिकेनं त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत २५० अब्ज डॉलरच्या चिनी मालावर टॅरिफ लावलं, चीन उलटं लावत लावत ११० अब्जांपर्यंत आला आणि तिथं थांबला, कारण अमेरिकेकडनं त्यापेक्षा फारसं जास्त तो घेतच नव्हता! लावायला मालच शिल्लक नाही. म्हणून २०२५ मध्ये चीननं अमेरिकेला खरं टोचलं ते टॅरिफनं नव्हे, ते वेगळ्या ठिकाणी टोचलं, त्यावर येतो पुढं.

आपल्याकडं म्हणतातच की नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. बरोबर आहे. पण नाक कुणाचं दाबूलालास, आणि त्याच हातानं स्वतःचं पण दाबलं जातंय का, हे कोण बघत नाही. पकड म्हणजे टक्क्याचा आकडा नव्हे. बोलणी फिसकटली तर कोण किती दिवस काढू शकतो, ती पकड.

आपल्या घरातलंच उदाहरण घे. गोव्याची भाजी बरीचशी आपल्याकडनं जाते, रोज पहाटे चोर्ला घाटातनं गाड्या उतरतात. घाटात दरड पडून दोन दिवस रस्ता बंद झाला की पणजीत टोमॅटो आणि कोबीचा भाव चढतो, आणि लोकांना वाटतं बघा गोवा कसा आपल्यावर अवलंबून आहे. अवलंबून आहेच. पण त्याच दोन दिवसांत इकडं ज्याची तोडणी झालीय त्या शेतकऱ्याचा माल क्रेटमध्ये बसून मऊ पडतो, आणि तिसऱ्या दिवशी तो मिळेल त्या भावाला सोडतो. गोव्याचा माणूस दोन दिवस डाळीवर काढेल, टोमॅटो दोन दिवस काढत नाही. मग पकड कुणाची? तेच बटाटा असता किंवा गूळ असता तर गणित वेगळं झालं असतं. माल किती दिवस थांबू शकतो ह्याच्यावरच निम्मी बोलणी ठरलेली असतात.

आणि प्रत्युत्तर कसं चुकतं ते बघायचं असेल तर २०२५ चा फेब्रुवारी आठव, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या बसचं भांडण. इकडं कंडक्टरला मारहाणीचं प्रकरण झालं, तिकडं बसला काळं फासलं, मग ह्यांची बस थांबली म्हणून त्यांची थांबली, त्यांची थांबली म्हणून ह्यांची. चूक कुणाची त्यात मी जात नाही, सीमाभागात राहून त्यात गेलं की हा लेख इथंच संपेल. मी फक्त एवढंच बघत होतो की सीमेवर कागल आणि कोगनोळीला रस्त्यावर उतरून चालत कोण जातंय. मिरजेला दवाखान्याला निघालेली म्हातारी, कोल्हापुरात कॉलेजला जाणारी पोरं, माहेरी निघालेली बाई. बस बंद करणाऱ्यातला एकही त्या बसमध्ये बसत नाही. ज्याला दुखतं त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याला दुखत नाही, मग असल्या प्रत्युत्तरानं कोण कशाला वाकेल?

मोठे देश हे बरोबर ओळखून असतात. २०१८ मध्ये अमेरिकेनं स्टीलवर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के लावलं तेव्हा युरोपनं उलट्या यादीत काय घातलं माहीत आहे? बर्बन व्हिस्की, हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल, जीन्स पँट. स्टीलचा आणि व्हिस्कीचा काय संबंध? काही नाही. पण बर्बन केंटकीत होते आणि सिनेटमधला सत्ताधारी पक्षाचा नेता तिथला, हार्ले विस्कॉन्सिनची आणि तेव्हाचा प्रतिनिधिगृहाचा सभापती तिथला. आणि युरोपच्या ग्राहकाला बर्बन नाही मिळाली तर तो स्कॉच पितो, त्याचं काय अडत नाही. २००२ मध्ये बुशनं स्टीलवर ३० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं तेव्हा पण युरोपनं असलीच यादी तयार केली होती, त्यात फ्लोरिडाची संत्री घातली, कारण फ्लोरिडा निवडणुकीत काठावरचं राज्य. डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, निकाल युरोपच्या बाजूनं लागला आणि डिसेंबर २००३ मध्ये बुशनं टॅरिफ मागं घेतलं, युरोपला यादी लावावीच लागली नाही. माझ्या मते पान न टाकता जिंकलेला डाव तो हाच.

आपण पण असली यादी केली होती, तुझ्या लक्षात नसेल, तेव्हा तू कॉलेजात असशील. २०१८ च्या त्याच स्टील टॅरिफला उत्तर म्हणून भारतानं जूनमध्ये घोषणा केली, मग पुढं ढकललं, परत ढकललं, असं करत वर्ष काढलं. इकडं लोक हसायचे की नुसत्याच घोषणा. हसायची गोष्ट नव्हती ती, बोलणी चालू होती आणि पान उपडं ठेवलेलं होतं. पण माझं मत असं की फार ताणलं, सात-आठ वेळा तारीख पुढं गेली की समोरचा त्या पानाला घाबरायचा बंद होतो. शेवटी ५ जून २०१९ ला अमेरिकेनं आपल्याला जीएसपीची, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला टॅरिफमाफीची, सवलत बंद केली आणि १६ जूनला आपण २८ वस्तूंची यादी लागू केली.

त्या यादीत सफरचंद ५० वरनं ७० टक्क्यांवर नेलं. आक्रोड वाढवलं, हरभरा-मसूर वाढवली. आणि सोललेल्या बदामावर किलोला १०० चे १२० रुपये केले. आता मजा बघ, सफरचंदावर एवढा दणका आणि बदामाला नुसता चिमटा, असं का? कारण जगातला साधारण ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात होतो, त्यावर जास्त लावलं तर आपल्याच दिवाळीच्या फराळाला झळ, त्यांना काय, आपल्याला दुसरा बदाम कुठला? सफरचंदाचं तसं नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं महाग झालं की तुर्कीचं येतं, इराणचं येतं, इटलीचं येतं, काश्मीर-हिमाचलवाला खूश होतो तो वेगळाच. खडे बाजारात फळवाल्याच्या पेटीवरचं स्टिकर बदललं, गिऱ्हाइकाला पत्ता पण लागला नाही. तिकडं वॉशिंग्टनच्या बागायतदारांचं मात्र मोठं गिऱ्हाईक गेलं, ते आपल्या खासदारांच्या मागं लागले, आणि २०२३ मध्ये मोदी अमेरिकेला गेले तेव्हा जो सौदा झाला त्यात डब्ल्यूटीओतले सहा वाद मिटवले आणि आपण सफरचंद, आक्रोड, बदाम, हरभरा, मसूर ह्यांवरचं जादाचं टॅरिफ काढलं. चार वर्षं लागली. पण नीट निवडलेली जागा होती म्हणून त्या पानाला किंमत आली.

आता माझं सगळ्यात आवडतं प्रकरण, ब्राझीलच्या कापसाचं. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते, त्यानं जगात भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो, असं म्हणून ब्राझील २००२ मध्ये डब्ल्यूटीओत गेला. जिंकला. अमेरिका हलेना. शेवटी २००९ मध्ये लवादानं ब्राझीलला जवळपास ८३ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची परवानगी दिली, आणि त्यात एक खुबी होती, नुसतं मालावर टॅरिफ नव्हे तर ठरावीक मर्यादेच्या वर अमेरिकन पेटंट आणि कॉपीराइट पण स्थगित करायची मुभा. ह्याला क्रॉस रिटॅलिएशन म्हणतात, म्हणजे लागलं गुडघ्याला आणि उत्तर दंडाला. २०१० च्या मार्चमध्ये ब्राझीलनं १०२ वस्तूंची यादी तारखेसकट छापली, आणि पेटंटचं पण तयार आहे असं दाखवलं. कापूसवाल्यांच्या लॉबीला ब्राझील कधीच हलवू शकला नसता. पण औषध कंपन्या आणि सिनेमावाले घाबरले की आमचं पेटंट कापसाच्या भांडणात जायला लागलं, आणि ते वॉशिंग्टनमध्ये कापूसवाल्यांपेक्षा मोठ्यानं बोलतात. तारखेच्या आदल्या दिवसांत तडजोड झाली. अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस शेतकऱ्यांसाठीच्या फंडात वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर भरायचं कबूल केलं! म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याची सबसिडी चालू राहावी म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्याला पैसे. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटलं. आणि ब्राझीलनं टॅरिफ एका रुपयाचं लावलं नाही.

हे वाचलं की मला दरवेळी निपाणी आठवते. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, आमच्या घरात ती गोष्ट अजून निघते. तंबाखू विकायची नाही असं म्हणून व्यापाऱ्याला नमवायची त्यांची ताकद नव्हती, कर्ज त्याचंच, वजनकाटा त्याचाच, माल घरात ठेवला तर आपलंच नुकसान. म्हणून ते तंबाखूवर बसलेच नाहीत, पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बसले, जिथं सरकारला बघावंच लागतं. तीन आठवडे बसले. त्याची किंमत त्यांनी गोळ्या झेलून मोजली, माणसं गेली, त्यामुळं हे उदाहरण मी असंच येता-जाता वापरत नाही. पण जिथं आपली ताकद नाही तिथं न लढता समोरच्याला जिथं बघावंच लागेल ती जागा शोधायची, हे आपल्या जिल्ह्यातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना डब्ल्यूटीओ जन्मायच्या आधी कळलेलं होतं.

कधीकधी आपण दांडग्याच्या बाजूला पण असतो, ते पण सांगायला पाहिजे. २०१९ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवर बोलले. भारतानं टॅरिफची घोषणा वगैरे काही केली नाही, आधी व्यापाऱ्यांनीच मलेशियाचं पामतेल घ्यायचं कमी केलं, आणि जानेवारी २०२० मध्ये सरकारनं रिफाइंड पामतेल आयातीच्या निर्बंधाच्या यादीत टाकलं, कुणाचं नाव न घेता. आपल्याला इंडोनेशियाचं तेल मोकळं होतं, त्यांना आपल्याएवढं दुसरं गिऱ्हाईक पटकन मिळणार नव्हतं. महाथीर उघड म्हणाले की आम्ही प्रत्युत्तर द्यायला लहान आहोत. आणि मग त्यांच्याकडनं काय आलं? भारताची साखर जास्त घेतो म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत १ लाख ३० हजार टन कच्ची साखर. आपल्या संकेश्वर-चिकोडी-अथणीच्या पट्ट्यातल्या कुठल्या कारखान्याचं पोतं त्यात गेलं का मला माहीत नाही, पण ऊसवाल्याला कळतं की बाजारात साखर तुंबलेली असताना असलं एक गिऱ्हाईक काय असतं. तेव्हा नमतं घेणं म्हणजे हात जोडणं नव्हे, समोरच्याला काय हवंय ते ओळखून ते पुढं करणं, असं मलेशियानं केलं आणि ते शहाणपणाचं होतं.

मग डब्ल्यूटीओ कशाला आहे, तिथं केस का टाकत नाही, असं तू विचारशील. टाकता येते. नियम असा की केस जिंकायची, समोरचा सुधारला नाही तर परवानगी मागायची, आणि जेवढं नुकसान तेवढंच प्रत्युत्तर. पण वरचं अपिलाचं पीठ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, अमेरिकेनंच नवीन सदस्य नेमू दिले नाहीत. आता कुणीही हरला की अपील टाकतो, अपील ऐकायला कोण नाही, प्रकरण लोंबकळत राहतं. ह्यात आपण रडायचं कारण नाही हं, आपण पण तेच केलंय. आपल्या एफआरपीवर, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान भावावर, आणि साखरेच्या निर्यात अनुदानावर ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ग्वाटेमाला २०१९ मध्ये केस घेऊन गेले, डिसेंबर २०२१ ला निकाल आपल्या विरुद्ध गेला, आपण लगेच अपील टाकलं, आणि तिथंच ते थांबलंय. ते पीठ चालू असतं तर आपल्या ऊसबिलावर ब्राझीलचा माणूस बोलला असता.

२०२५ च्या मे महिन्यात भारतानं डब्ल्यूटीओला कळवलं की स्टील-ॲल्युमिनियमच्या टॅरिफबद्दल आम्ही १९१ कोटी डॉलरच्या ड्युटीएवढं उलटं लावायचा हक्क राखून ठेवतोय. पेपरात मोठं आलं, आणि मग काही झालं नाही म्हणून लोकांनी परत टिंगल केली. अमेरिकेनं उत्तर दिलं की हे देशाच्या सुरक्षेसाठी लावलंय, तुमचा हक्कच बसत नाही. पण असली नोटीस म्हणजे वकिलाची नोटीस धर, भाऊबंदकीत वाटणीच्या आधी आपण पाठवतो तशी. कोर्टात जायचंच असं नाही, पण उद्या टेबलावर बसलो की आमचा पण कागद आहे म्हणायला पाहिजे.

आता चीन. तुझा सगळा जोर चीनवर होता. एप्रिल २०२५ मध्ये दोघं एकमेकांवर चढवत गेले, अमेरिका १४५ टक्के, चीन १२५ टक्के, आणि मेमध्ये जिनिव्हात बसून अमेरिका ३० वर आणि चीन १० वर आला. हे १२५ टक्क्यांनी झालं असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. ४ एप्रिलला चीननं सात प्रकारच्या रेअर अर्थवर निर्यातीचं लायसन लावलं, त्या धातूंचं मॅग्नेट मोटारीत, मिसाइलमध्ये, सगळीकडं लागतं आणि ते गाळून शुद्ध करायचं काम जगात जवळपास चीनच करतो. काही आठवड्यांत गाड्यांचे कारखाने ओरडायला लागले. ही खरी पकड. दुसरीकडं मिळत नाही, साठा करून कोण ठेवत नाही, आणि तो दोन रुपयांचा तुकडा नसला तर वीस लाखाची गाडी लाइनवर उभी. २०२५ च्या ऑक्टोबरात चीननं ते आणखी आवळलं.

आपल्याकडं असं काय आहे? लोक म्हणतात औषधं. जेनेरिक गोळ्या अमेरिका आपल्याकडनं भरपूर घेते, खरं आहे, आणि म्हणूनच त्यांनी आपल्यावर टॅरिफ लावताना जेनेरिक औषधं बाजूला ठेवली. पण बीपी-शुगरची गोळी बंद करतो असं म्हणायची आपली नियत पण नाही आणि ते शोभणार पण नाही, आणि एकदा म्हटलं की दहा देश दुसरा सप्लायर शोधायला लागतील. २०२० च्या मार्चमध्ये आपण हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची निर्यात थांबवली होती, एप्रिलमध्ये ट्रम्प प्रत्युत्तराची भाषा बोलला आणि दुसऱ्याच दिवशी आपण बंदी सैल केली. म्हणजे ते पान आपल्याला खेळता येत नाही हे एकदा दिसलंय.

आणि असलं पान खेळायची पण किंमत असते. २०१० मध्ये चीननं जपानची रेअर अर्थ अडवली, जपाननं मुकाट्यानं ऑस्ट्रेलियाच्या कंपनीत पैसे घातले आणि दुसरी वाट तयार केली. सोयाबीनचं उलटं बघ. २०१८ मध्ये चीननं अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावलं आणि ब्राझीलकडं वळला, अमेरिकेची चीनला जाणारी सोयाबीन आदल्या वर्षीच्या १२ अब्ज डॉलरवरनं ३ अब्जांवर आली. सरकारनं शेतकऱ्यांना दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. भांडण मिटलं, पण ब्राझीलमध्ये रानंच्या रानं सोयाबीनखाली आली ती काय परत जंगल झाली नाहीत, आणि २०२५ च्या हंगामाची नवीन अमेरिकन सोयाबीन चीननं ऑक्टोबरपर्यंत घेतलेलीच नव्हती. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात पण आहे, बैलहोंगलच्या शेतकऱ्याला विचार, पेरलेलं पीक भांडण मिटेपर्यंत थांबतं का.

टॅरिफ लावणं सोपं, काढणं अवघड, हे पण ध्यानात ठेव. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकन कोंबडीवर टॅरिफ लावलं म्हणून अमेरिकेनं १९६४ मध्ये बाहेरच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के लावलं. कोंबडीचं भांडण कुणाच्या लक्षात पण नाही, ट्रकवरचं २५ टक्के अजून आहे! साठ वर्षं झाली. कारण त्याच्या आडोशाला तिथल्या पिकअपवाल्यांचा धंदा उभा राहिला, आता ते काढू कोण देणार.

मी स्वतः ह्यात कसा आपटलोय ते सांगतो. तेरा-चौदा वर्षं झाली, युरोपचा एक हायड्रॉलिकवाला बायर होता, नाव घेत नाही. पिग आयर्न आणि कोक दोन्ही चढलं होतं, आम्ही रेट वाढवून मागितला, तो टाळत होता. आमच्याकडं त्याचे तीन व्हॉल्व्ह बॉडीचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं ओतायचा साचा करतात ते नमुने, होते आणि दुसरा सोर्स नव्हता हे मला पक्कं माहीत होतं. मी मालकाला म्हटलं डिस्पॅच थांबवू, बघू कसा देत नाही. थांबवला. दहा दिवसांत त्याची लाइन बंद पडायची वेळ आली, त्यानं रेट वाढवून दिला, वर आभाराचा मेल. मी आठ दिवस छाती काढून फिरत होतो. आणि त्यानं काय केलं, त्याच महिन्यात दुसऱ्या देशात पॅटर्न करायला टाकले. नऊ महिन्यांत सॅम्पल पास झालं, दहाव्या महिन्यात आमचं शेड्यूल निम्मं, वर्षभरात शून्य. पकड होती माझ्याकडं, खोटं नव्हतं. पण ती मी एका दिवसात खर्च करून टाकली. नुसतं दाखवून निम्मा रेट घेतला असता तर कदाचित तो बायर आज पण असता. मालक मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून दिल्लीनं उलटं ५० टक्के लावलं नाही त्याला मी सरसकट भित्रेपणा म्हणत नाही. पण सगळं बरोबर केलं असं पण नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपण कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, ती सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरपर्यंत वाढवली. इचलकरंजीच्या मागवाल्याला आणि गारमेंटवाल्याला त्याची गरज होती, ते खरं. पण अमेरिकन कापूसवाल्याला पण ते हवंच होतं, आणि त्याच्या बदल्यात आपण काही मागितलेलं दिसलं नाही. जे विकता आलं असतं ते फुकट दिलं, आणि वरनं इकडचा कापूस उत्पादक नाराज. मी असतो तर तीच गोष्ट टेबलावर ठेवून दिली असती.

आता तुझ्या कामाचं. तुझ्याकडं बायरचा मेल आलाय की टॅरिफचा निम्मा भार तू घे. आधी हे बघ की तुझ्या पार्टला नक्की किती लागतंय. २०२५ मध्ये पण सगळ्याला ५० नव्हतं. रशियन तेल घेतो म्हणून लावलेले २५ धरून जे ५० झालं होतं ते एक, स्टील आणि त्याच्या वस्तूंचं वेगळ्या कलमाखाली, गाडीच्या पार्टला २५, आणि एकाला एक लागलं की बहुतेक ठिकाणी दुसरं लागत नव्हतं. बायर तुला सगळ्यात मोठा आकडा सांगणार. त्याच्या कस्टम्स ब्रोकरनं कुठला कोड टाकलाय ते लेखी माग, मी दोन ठिकाणी कोडच चुकीचा बघितलाय. दुसरं, तुझी टर्म एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतच तुझी जबाबदारी) आहे की डीडीपी (ड्युटी भरून त्याच्या दारात पोचवायचं) ते बघ. एफओबी असेल तर कराराप्रमाणे ते ओझं त्याचं आहे, आणि बोलणी तिथनं सुरू होतात. डीडीपी असेल तर आधीच फसलायस, आधी टर्म बदलायचं बोल.

रेट मात्र कमी करू नको. एकदा खाली गेलेला रेट टॅरिफ गेलं तरी वर येत नाही, ट्रकवरच्या २५ टक्क्यांसारखंच आहे ते. द्यायचंच असेल तर वेगळी क्रेडिट नोट (बिलाबाहेरची सूट), तीन महिन्यांची, तारीख घालून, आणि बदल्यात शेड्यूलचा आकडा लेखी. क्रेडिट नोट काढायच्या आधी बँकेला आणि सीएला विचार, एक्स्पोर्टचे पैसे कमी आले की त्याचे प्रश्न वेगळे.

आणि शेवटचं, रॅकवरचे पॅटर्न कुणाचे आहेत? टूलिंगचे, म्हणजे पॅटर्न करायचे, पैसे बायरनं दिले असतील तर पॅटर्न त्याचे, तो उद्या ट्रक पाठवून उचलेल आणि तुला गप बघत बसायला लागेल. पैसे तू घातले असशील तर त्याला नवीन पॅटर्न, सॅम्पल, पीपीएपी (पार्ट मंजूर करायची कागदं) सगळं मिळून सात-आठ महिने लागतात, आणि ते सात-आठ महिने म्हणजे तुझी पकड, मोजून तेवढीच. बापाला विचार, २०१९-२० च्या पीओची (बायरच्या खरेदी ऑर्डरची) फाइल काढ, त्यात टूलिंगची लाइन असते. ती घेऊन सोमवारी ये, मी अकरापर्यंत उद्यमबागलाच असतो.